टर्बोला गॅस चालतो. मग अडलंय कुठे?

पोस्ट मोठी आहे. गाडीवाल्यांनी वाचाच, पण ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही वाचा, कारण विषय फिरून तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरपर्यंत येतो.

गेल्या वर्षभरात एकच प्रश्न मला निदान पंधरा-वीस जणांनी विचारला असेल. "दादा, टर्बो पेट्रोल गाडी एलपीजीवर करता येते का?" विचारणारे सगळे साधारण एकाच साच्यातले. बीएस ६ आल्यावर छोट्या गाड्यांमधलं डिझेल जवळपास गेलं, म्हणून यांनी एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल घेतली. शोरूममध्ये १८-२० चं ॲव्हरेज ऐकलं. आता हडपसर ते हिंजवडी करताना हातात १०-११ पडतंय. त्यात पंपावर ई२०. इथेनॉलने मायलेज पडतं हे काही व्हॉट्सॲपवरचं गॉसिप नाही, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच ई१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींना ६-७ टक्के घट येईल असं लिहिलेलं आहे. पेट्रोल १०४ च्या घरात. मग माणूस शेजारची गॅसवरची वॅगन-आर बघतो आणि हिशोब करायला लागतो. त्यात त्याचं काही चूक नाही.

माझं उत्तर असं असतं: इंजिनाच्या दृष्टीने हो. कायद्याच्या दृष्टीने जवळपास नाही. आणि प्रत्यक्षात तुमच्या पेठेतल्या कुणीतरी गेल्याच आठवड्यात करून घेतली असेल.

या तीन उत्तरांमधलं जे अंतर आहे, त्यावर मला बोलायचं आहे.

आधी इंजिन. "गॅसने टर्बो जळतो" हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. निम्मं खरं आहे, म्हणूनच जास्त त्रासदायक. टर्बो म्हणजे काय, तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा आणि इंजिनात हवा दाबून भरायची. दाबलेली हवा तापते. त्या उष्णतेत पेट्रोल ठिणगीची ज्वाला पोचायची वाट न बघता स्वतःच पेटू पाहतं, ते नॉकिंग. ते टाळायला गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे थोडा पिकअप सोडून देतो. इंधनाचं ऑक्टेन जितकं जास्त तितकी ही भानगड कमी. आपल्याकडचं साधं पेट्रोल इतकी वर्षं ९१ ऑक्टेनचं होतं, ई२० मुळे ते ९५ ला गेलं. एलपीजी शंभरच्या आसपास किंवा वर. म्हणजे दाबून भरलेल्या हवेशी जमवून घेणारं इंधन हवं असेल, तर एलपीजी पेट्रोलपेक्षा उजवा आहे.

हे मी हवेत बोलत नाही. युरोपात डाचिया कंपनीने २०२० पासून एक लिटरची टर्बो गाडी कारखान्यातूनच एलपीजीवर विकली, पूर्ण वॉरंटीसकट. ९९९ सीसी, तीन सिलिंडर. पेट्रोलवर साधारण ९० हॉर्सपॉवर, एलपीजीवर १००. बरोबर वाचलंत, गॅसवर जास्त. डाचिया ही रेनोची कंपनी, आणि आपल्याकडच्या कायगर-मॅग्नाइटच्या टर्बो आवृत्तीत बसतं ते त्याच रेनो-निसान घरातलं, त्याच मापाचं इंजिन. तिकडे तेच शोरूममधून गॅसवर मिळालं आणि इकडे त्याचा मालक भंगारवाल्याच्या शेजारच्या फिटरकडे जातो.

मग "टर्बो जळतो" यातलं निम्मं खरं कुठलं? बसवण्यातलं. गॅस किटमध्ये रेड्युसर नावाचा डबा असतो, जो टाकीतल्या पातळ एलपीजीचा इंजिनाच्या गरम पाण्यावर वायू करतो आणि ठराविक दाबाने पुढे सोडतो. साध्या इंजिनात मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेइतका किंवा कमीच असतो. टर्बोत तो वर चढतो, आणि गॅसचा दाब त्याच्या सोबत वर गेला पाहिजे. म्हणजे रेड्युसर मोठ्या क्षमतेचा हवा, मॅनिफोल्डच्या दाबाची नळी त्याला जोडलेली हवी, गॅसचे इंजेक्टर मोठ्या मापाचे हवेत आणि ट्युनिंग गाडी भाराखाली पळवून करायला हवं, स्टँडवर उभी करून नाही. हे नसेल तर गावात गाडी झकास चालते. खंबाटकी चढताना, चार माणसं आणि एसी चालू असताना, गॅस कमी पडतो. हवा जास्त, इंधन कमी, जळण नको तितकं गरम. व्हॉल्व्ह आणि टर्बो तिथे जातात. जो फिटर वॅगन-आरला बसवतो तेच किट टर्बोला बसवून "सेटिंग करून देतो" म्हणतो, तो तुमचं इंजिन हप्त्याहप्त्याने विकतो आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. सगळे टर्बो एक नाहीत. नेक्सॉन, मॅग्नाइट, कायगर यांच्या टर्बोत पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये फवारलं जातं. तिथे शेजारी गॅसचा इंजेक्टर बसवता येतो, काम सरळ आहे. पण मारुतीचं बूस्टरजेट, ह्युंदाई-कियाचं टी-जीडीआय, फोक्सवॅगन-स्कोडाचं टीएसआय यांच्यात पेट्रोल थेट सिलिंडरच्या पोटात फवारतात. त्या इंजेक्टरचं टोक आगीत असतं आणि त्यातून वाहणारं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. पेट्रोल पूर्ण बंद करून गॅसवर पळवलं तर ते इंजेक्टर भाजतात. त्यासाठी वेगळं किट लागतं, जे गॅसवर असतानाही थोडं पेट्रोल चालू ठेवतं. महाग, आणि बचत त्या प्रमाणात कमी. या गाड्यांना कुणी "चाळीस हजारांत करून देतो" म्हणाला, तर चहा पिऊन नमस्कार करून निघा.

आता कायदा. इथे खरी गंमत आहे.

गाडीत एलपीजी वापरायला आपल्याकडे २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून वाट मोकळी झाली, २००१ मध्ये त्याचा स्वतंत्र आदेश आला. पुढे वॅगन-आर ड्युओसारख्या गाड्या कंपनीतूनच एलपीजीवर आल्या. ज्या शहरांत सीएनजीची पाइपलाइन उशिरा पोचली तिथल्या रिक्षा एलपीजीवर पळाल्या. मग एप्रिल २०२० ला बीएस ६ आलं आणि नव्या गाड्यांना बाहेरून किट बसवायची सोयच उरली नाही, कारण नियम बीएस ४ पर्यंतच होते. सव्वादोन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, केंद्राने अधिसूचना काढून साडेतीन टनांखालच्या बीएस ६ पेट्रोल गाड्यांना सीएनजी-एलपीजी किटची परवानगी दिली. पेपरात बातमी आली, "आता बीएस ६ गाडीलाही गॅस". लोकांनी तेवढंच वाचलं.

बारीक अक्षरात काय आहे? किटला सरसकट मंजुरी नसते. कुठल्या गाडीसाठी, कुठल्या इंजिनासाठी, कुठल्या मानकासाठी, ते प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. किट बनवणाऱ्याने ते मान्यताप्राप्त संस्थेत तपासून घ्यायचं, आणि दर तीन वर्षांनी मंजुरी नव्याने घ्यायची. नियम म्हणून यात वावगं काही नाही, असलाच पाहिजे. पण किटवाला खर्च कुठे करणार? जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे. म्हणजे साधी इंजिनं, आणि तीही सीएनजीवर. २०२५ मध्ये रेनो आणि निसानने डीलरकडून बसवून मिळणारी मान्यताप्राप्त सीएनजी किटं आणली, ७५-८० हजारांच्या आसपास. चांगलं केलं. पण ती साध्या इंजिनालाच. त्याच गाडीच्या टर्बो आवृत्तीला नाही. टाटांनी सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉन टर्बो सीएनजीवर आणली, देशातली पहिली. तीही कारखान्यातून नवीनच घ्यावी लागते, तुमच्या दारातल्या नेक्सॉनला तिचा उपयोग शून्य.

टर्बो, बीएस ६ आणि एलपीजी, हे तिन्ही एकत्र असलेलं मंजुरीपत्र दाखवा, असं मी पुण्यात आणि पिंपरीत सात-आठ फिटरांना विचारलं. एकानेही दाखवलं नाही. दोघांनी दुसऱ्याच गाडीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स पुढे केली. एक जण प्रामाणिक निघाला. म्हणाला, "साहेब, आरसीवर चढवूच नका. मागे स्टेपनीच्या जागी गोल टाकी बसते, वर मॅट टाकली की कोण बघतंय?"

कोण बघतंय ते सांगतो. विम्याचा सर्व्हेअर बघतो. माझ्या ओळखीतल्या एकाची गाडी नगर रोडवर बॉनेटमधून पेटली. गॅसमुळे पेटली की वायरिंगमुळे, हे कुणालाच ठरवता आलं नाही. पण सर्व्हेअरला मागे टाकी दिसली, आरसीवर फक्त पेट्रोल, पॉलिसीत किटचा उल्लेख नाही. क्लेम नाकारला. गाडीचे हप्ते अजून अडीच वर्षं आहेत. खरं तर विम्यात किट चढवणं काही महाग प्रकरण नाही. त्यासाठी आयएमटी २५ नावाचं कलमच आहे, किटच्या किमतीवर साधारण ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये. साठ हजारांच्या किटला वर्षाला अडीच हजार. पण ते चढवायला आरसीवर नोंद लागते, नोंदीला मंजुरीपत्र लागतं, आणि मंजुरीपत्रच नाही. शिवाय परवानगीशिवाय केलेल्या बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कैद कुणाला झालेली मी ऐकली नाही, पण कलम आहे.

आणि आता स्वयंपाकघर.

ऑटो एलपीजीचे पंप किती उरलेत ते तुम्हीच तुमच्या शहरात शोधून बघा. पुण्यासारख्या ठिकाणीही वाट वाकडी करून जावं लागतं. तिथे लिटरला साठ-बासष्ट धरा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर साडेआठशेचा धरला, तर किलोला साठ. एका किलोत साधारण एक लिटर आणि ऐंशी-पंच्याऐंशी शतांश भरतो, म्हणजे लिटरला बत्तीस. अड्डेवाला त्यावर स्वतःचा नफा चढवतो तरी पंपापेक्षा स्वस्तच, आणि अड्डा घराजवळ. पत्र्याची शेड, एक मोटर, एक वजनकाटा, दहा-बारा लाल टाक्या. हे प्रत्येक शहरात आहे आणि कुठे आहे ते रिक्षावाल्यापासून बीट हवालदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

जळगावात नोव्हेंबर २०२४ मध्ये ओम्नीत असाच गॅस भरताना स्फोट झाला. गाडीने जायला निघालेलं कुटुंब भाजलं, माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ताथवड्यात टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना स्फोट झाले आणि शेजारी उभ्या असलेल्या स्कूलबस जळाल्या. रात्र होती आणि बस रिकाम्या होत्या, हे नशीब. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, गटारात, तळघरात, बेसमेंट पार्किंगमध्ये साठतो. अधिकृत टाकीला ८० टक्क्यांवर भरणं थांबवणारा व्हॉल्व्ह असतो, पाइप फुटला तर प्रवाह तोडणारा व्हॉल्व्ह असतो, पाच वर्षांनी टाकी तपासायची असते. डिक्कीत आडव्या टाकलेल्या घरच्या सिलिंडरला यातलं काय आहे?

टर्बोवाल्यांसाठी आणखी एक. गाडीसाठीच्या एलपीजीच्या मानकात ऑक्टेनची किमान मर्यादा घातलेली आहे. घरगुती गॅसच्या मानकात ती नाही, कारण पोळी भाजायला ऑक्टेन लागत नाही. म्हणजे ज्या ऑक्टेनच्या जोरावर टर्बोला एलपीजी मानवतो, त्याचीच अड्ड्यावरच्या गॅसमध्ये हमी नाही.

हा अड्डा चालतो कशावर? फरकावर. घरगुती सिलिंडरवर ५ टक्के जीएसटी, ऑटो एलपीजीवर १८. गाडीवाल्याला सबसिडी द्या असं मी अजिबात म्हणत नाही. ज्या बाईला उज्ज्वलाची दुसरी टाकी परवडत नाही तिच्या वाट्याचं आमच्या टर्बोत घालू नये. पण तीच वस्तू, एकीकडे ५ आणि एकीकडे १८, वर पंप दूर, वर कायदेशीर किट नाही. चोरीला याहून चांगली पेरणी कुठली? आणि सरकारला मनात आलं की जमतं. सीएनजीवरचा व्हॅट महाराष्ट्राने एप्रिल २०२२ पासून १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. त्यानंतर सीएनजीच्या पंपावर लागलेली रांग तुम्ही-मी बघतोच आहोत.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: एलपीजी आयात करावा लागतो, मग गाड्यांत कशाला जाळायचा? आपण वापरतो त्यातला साधारण ६० टक्के एलपीजी बाहेरून येतो, हे खरं. पण ज्या कच्च्या तेलाचं पेट्रोल होतं तेही ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरूनच येतं. त्यामुळे हा मुद्दा मला फारसा पटत नाही. "इलेक्ट्रिक घ्या" हा सल्ला पटतो, पण ज्याच्या दारात हप्त्यावरची पेट्रोल गाडी उभी आहे त्याला तो देणं म्हणजे पावसात भिजलेल्याला घर बांधायला सांगणं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. नेक्सॉन बनते रांजणगावला. टीएसआय इंजिन जुळतं चाकणला. गाड्या आणि किटं तपासणारी एआरएआय कोथरूडच्या वेताळ टेकडीवर. पन्नास-साठ किलोमीटरच्या आत सगळं आहे, आणि टर्बोला गॅस बसवायचा तर आमचा माणूस पत्र्याच्या शेडमध्ये जातो.

काय व्हायला हवं? पहिलं अगदी बिनपैशाचं आहे. कुठल्या मॉडेलला, कुठल्या इंजिनाला, कुठलं किट मंजूर आहे आणि मंजुरी कधी संपते, याची यादी परिवहन विभागाने मराठीत, गाडीचं नाव टाकलं की दिसेल अशी, संकेतस्थळावर टाकावी. आज ही माहिती फक्त फिटरकडे असते, म्हणजे नसतेच. दुसरं, गाडी कंपन्यांनी विकतानाच लेखी सांगावं की या इंजिनाला गॅस चालेल की नाही, आणि चालत असेल तर डीलरकडे टर्बोचं किटही द्यावं. डाचिया विकू शकते तर इथे काय बिघडतं? तिसरं, अड्ड्यावर धाड पडते तेव्हा मोटर आणि टाक्या जप्त होतात, फोटो छापून येतो आणि पंधरा दिवसांनी शेड पुन्हा उभी. त्या लाल टाक्या कुठल्या एजन्सीतून आल्या, कुणाच्या नावावर बुक झाल्या, हे सिलिंडरच्या साखळीत मागे जाऊन पुरवठा विभागाने शोधलं तर अड्डा आठवड्यात कोरडा पडेल. आपल्याला एक टाकी घ्यायला ओटीपी द्यावा लागतो, मग अड्ड्यावर बारा टाक्या कुणाच्या ओटीपीवर येतात?

तोपर्यंत टर्बोवाल्यांनी काय करायचं, तर आधी हिशोब करा. शहरात ११ चं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०४, म्हणजे किलोमीटरला साडेनऊ रुपये. एलपीजी लिटरमागे साधारण पाव हिस्सा जास्त लागतो, म्हणजे पावणेनऊचं ॲव्हरेज, बासष्टच्या दराने किलोमीटरला सात. वाचले अडीचच्या आत. गाडी सुरू होताना पेट्रोलवरच सुरू होते, तेही धरा. टर्बोला साजेसं किट साठ हजारांत मिळालं असं मानलं तरी वसूल व्हायला पंचवीस-तीस हजार किलोमीटर. महिन्याला आठशे किलोमीटर फिरणाऱ्याची तीन वर्षं त्यातच जातात. कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्यावर पाणी सोडावं लागेल तेही वेगळं. त्याने हा नादच सोडावा. रोज शंभर किलोमीटर करणाऱ्याचं गणित वेगळं आहे, पण त्यानेही गाडीच्या नावाचं मंजुरीपत्र हातात घेऊन, तारीख बघून, आरसीवर आणि पॉलिसीवर नोंद करून मगच पंपावर जावं. मंजुरीपत्र नसेल तर थांबावं.

तुमच्यापैकी कुणाच्या टर्बो बीएस ६ गाडीच्या आरसीवर "पेट्रोल/एलपीजी" अशी नोंद खरोखर झाली असेल, तर कॉमेंटमध्ये गाडीचं मॉडेल, वर्ष आणि कुठल्या आरटीओत झाली ते लिहा. गाडीचा नंबर टाकू नका. अशा दहा नोंदी जरी जमल्या तरी त्यांची यादी जोडून परिवहन आयुक्तांना अर्ज करणार आहे, आणि एकही नाही आली तर तेही त्याच अर्जात लिहिणार आहे.